सही जेवणानंतर

पीएचडीची परीक्षा अभ्यासावर नाही, जेवणावर पास होते, हे माझं ठाम मत आहे. म्हणजे होतं. सात वर्षं विद्यापीठात काढली, इतरांच्या तोंडी परीक्षांना पाणी वाटलं, शाली आणल्या, हार आणले आणि एकच शोध लावला. बाहेरगावचा परीक्षक उपाशी असला की तळटीपासुद्धा वाचतो! पोट भरलेलं असलं की तोच माणूस म्हणतो, "काम चांगलं आहे, कुठं करू सही?"

म्हणून माझी योजना पक्की होती. परीक्षकाला हॉटेलात न्यायचं नाही. मुकुंदवाडीतल्या माझ्या खोलीवर आणायचं आणि माझ्या हातचा खलिया, म्हणजे इथला मसालेदार मटणाचा रस्सा, खाऊ घालायचा! मला स्वयंपाकाचा नाद आहे. पीएचडीच्या सात वर्षांत प्रबंध एकदा लिहिला, खलिया मात्र शंभर वेळा केला असेल. नान शहरातल्या भट्टीवरून आणायचे आणि मटण आमच्याच कळपातलं. आमच्याकडं मेंढरं आहेत, गंगापूर तालुक्यात. गंगापूरच्याच एका कॉलेजानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मार्चअखेर पीएचडी दाखवा आणि कायम व्हा! नाही दाखवली तर पुन्हा तासांवर शिकवत बसा. तेव्हा हा खलिया म्हणजे साधा खलिया नव्हता.

आता माझा प्रबंध. विषय होता, औद्योगिकीकरण आणि बदलत्या सोयरिकी. वाळूजला कारखाने आले, गावागावातली पोरं एका मशीनवर उभी राहिली, एका डब्यातलं खाऊ लागली. मग लग्न जुळवताना जातीचं काय होतं? मी गावोगाव फिरून लोकांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, जात कुठं राहिली आता! मीही सहाव्या प्रकरणात तसंच लिहिलं, की जातीची बंधनं झपाट्यानं सैल होत आहेत. माझा पहिला माहितीदार होता माझा सख्खा मामा, तात्यासाहेब. मामा पुढारी माणूस. माईक बंद असला तरी त्याच्यासमोर बोलतो.

माझे मार्गदर्शक साहेबराव सर. फार सज्जन. विद्यापीठाच्या नामांतराचा झगडा सोळा वर्षं चालला, लोकांची घरं जळाली, माणसं मेली, पोरं तुरुंगात गेली. या सगळ्या काळात सरांना कुणी विचारलं, "सर, तुमचं मत काय?" की सरांना खोकला यायचा. असा यायचा की विचारणाराच पाणी आणायला पळायचा! माझ्या परीक्षेच्या महिनाभर आधी, चौदा जानेवारीला, नवं नाव लागलं. तेव्हा सर म्हणाले, "मी तर पहिल्यापासूनच..." आणि पुन्हा खोकला आला. आम्ही मागून हसायचो.

परीक्षेची तारीख ठरल्यावर मी गावी गेलो. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, पीएचडीची तोंडी परीक्षा समजावून सांगायची होती. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हातखंडा!

"आप्पा, लांबून एक पाहुणे येत्यात. मला बघत्यात. चार परश्न इचारत्यात."

"बरं."

"मग त्यांना जेवू घालायचं. शाल-नारळ द्यायचा. त्यांची पसंती आली की काम फत्ते!"

आप्पा मिशीत हसले. "कुठून येनार?"

"नागपूर."

"एवढ्या लांबून? जवळचं कोनी घावलं नाय व्हय?"

"जवळचं चालत नाय आप्पा. नेमच हाय तसा. बाहेरचंच लागतं."

"बराबर हाय," आप्पा मान डोलावत म्हणाले, "भावकीतलं चालत नसतंयच."

मला वडलांचं कौतुक वाटलं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण कसं पटकन समजलं! आता सांगायला हवं, की मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि सात वर्षं घरी एकच पालुपद लावलं होतं, "डॉक्टर झाल्याबिगर लगीन नाय!" आई रोज देवापुढं तेवढंच मागायची. पण हा धागा त्या धाग्याला जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात खलिया होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी विभागासमोर मामाची जीप थांबली. आप्पा नव्या फेट्यात, मामा कडक इस्त्रीत. आई मुकुंदवाडीला माझ्या खोलीवर उतरली होती, पातेल्याकडं लक्ष द्यायला. मला भरून आलं. माझ्या प्रबंधासाठी घरचे एवढे नटून आले!

परीक्षक होते वानखेडे सर. उंच, शांत, जाड चष्म्याचे. त्यांनी तासभर मला सोलून काढलं. आप्पा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मध्येच मामाच्या कानाशी लागले, पण त्यांचा आवाज मेंढरं हाकणाऱ्याचा, सगळ्या खोलीला ऐकू गेला, "पाहुना लई खोदून इचारतोय. पोरीचा बाप असाच पायजे!"

साहेबराव सरांना लगेच खोकला आला. मला वाटलं आप्पांची काहीतरी गल्लत होतेय, पण तेवढ्यात वानखेडे सर म्हणाले, "ठीक आहे. सहाव्या प्रकरणाबद्दल थोडी शंका आहे, पण एकूण काम प्रामाणिक आहे. आणा, अहवालावर सही करून टाकतो."

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. आणि मी, सात वर्षांच्या संशोधनाचा पुतळा, पुढं झालो आणि म्हणालो, "सर, सही कुठं पळतेय का! आधी जेवण. खलिया गार होईल!"

त्यांनी टोपण परत लावलं. त्या टोपणाचा टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो.

मुकुंदवाडीला माझ्या खोलीत सतरंजीवर पंगत बसली, साहेबराव सरही होते. आईनं आत दाराआड एक ताट झाकून ठेवलं होतं. मला वाटलं, कांदा-लिंबू असेल. पहिल्या घासालाच वानखेडे सर म्हणाले, "वा! हे तुम्ही केलंय?" मी फुगलो. मामानं हीच वेळ साधली.

"सर, घरी कोन कोन असतंय?"

"मी, बायको आणि एक मुलगी. एम.ए. करतेय."

मामानं आप्पांना कोपरानं ढोसलं. आप्पांनी आईकडं पाहिलं. आईनं दाराआडून विचारलं, "सैपाक येतो का तिला?"

"तिला? छे हो! चहासुद्धा मीच करून देतो."

आईचा सुस्कारा बाहेरपर्यंत ऐकू आला. पण मामा कसला हटतोय! "चालंल की! आमचा मुंजाबा करतोय सगळं. उगं का शिकलाय!"

इथं माझा घास हातातच राहिला. सर मात्र खुशीत होते. समाजशास्त्राचा माणूस तो! खेड्यातली माणसं आपणहून बोलू लागली, की त्याला जेवणाहून जास्त गोडी. ते विचारत गेले, मामा सांगत गेला. जमीन पंधरा एकर. दोन एकर ऊस. मेंढरं दीडशे. पोराला व्यसन नाही. मी डोळ्यांनी मामाला खुणा करतोय, मामाला वाटतंय मी लाजतोय!

"मामा, सरांना नान वाढ!" मी ओरडलो.

"वाढतो की. सर, देवक काय म्हनायचं आपलं? कुलदैवत कंचं? आमचा खंडोबा."

वानखेडे सरांनी नानचा तुकडा खलियात बुडवला. अगदी साधेपणानं म्हणाले, "आमच्या घरी बुद्धवंदना असते. मी शिकलोही या शहरातच. एकोणऐंशीला लाँग मार्च निघाला, तेव्हा मी नागपूरहून चालत निघालो होतो, विद्यापीठाच्या नावासाठी. आता नाव लागलं. म्हणून तब्येत बरी नसतानासुद्धा मुद्दाम ही परीक्षा घेतली. म्हटलं, एकदा त्या दारातून आत जाऊन येऊ."

मला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं. पण खोलीत जे झालं ते वेगळंच. मामाच्या हातातला डाव पातेल्यावर थबकला. आप्पा ताटातल्या हाडाकडं असे बघू लागले, जसं त्यात पुढचं वाक्य सापडणार आहे. आणि आई त्याच क्षणी ते झाकलेलं ताट उघडून बाहेर आली होती. त्यात कुंकू, सुपारी, टॉवेल आणि टोपी! दोन पावलं पुढं आलेली आई तशीच दोन पावलं मागं गेली.

मामा पुढारी, त्यामुळं पहिला तोच सावरला. "वा वा! लई आनंद! आमी बी पेढे वाटले चौदा जानेवारीला! इचारा कुनालाबी! जातपात आमी मानतच नाय! पन त्याचं काय हाय सर... पोराचं वय लहान हाय."

"कशाला?"

"लग्नाला!"

वानखेडे सरांनी ताटातल्या कुंकवाकडं पाहिलं. टॉवेल-टोपीकडं पाहिलं. आप्पांच्या नव्या फेट्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहून ते जे हसायला लागले! चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले. मीही हसलो. म्हटलं, सुटलो! माणूस दिलदार आहे!

"मुंजाबा, वय काय तुमचं?"

"बत्तीस, सर."

"हं. लहानच आहे." ते मामाकडं वळले. "तात्यासाहेब, सहाव्या प्रकरणातले पहिले माहितीदार तुम्हीच का?"

"व्हय! म्याच!" मामाची छाती फुगली.

"यांनी विचारलं, तेव्हा काय सांगितलं होतं तुम्ही?"

छाती हळूहळू खाली आली. "जात... जात कोन बघतंय आता, असं..."

सर माझ्याकडं वळले. आता हसत नव्हते. "माझी मुलगी माझंच ऐकत नाही, त्यामुळं तिची काळजी करू नका. मी काही स्थळ घेऊन आलेलो नाही. पण समजा आलो असतो, तर? मामांचं उत्तर मला कळलं. तुमचं काय?"

साधा प्रश्न. तासाभरापूर्वी याच विषयावर मी विभागात पंचेचाळीस मिनिटं बोललो होतो. तक्ते दाखवले होते. आप्पा माझ्याकडं बघत होते, आई दाराआडून बघत होती, मामा डोळे वटारून बघत होता. मी तोंड उघडलं.

आणि मला खोकला आला.

साधासुधा नाही. साहेबराव सरांच्या घराण्यातला! तो ऐकून सवयीनं सरांनाही आला. आम्ही गुरू-शिष्य समोरासमोर बसून खोकतोय, आणि परीक्षक आम्हा दोघांना आळीपाळीनं पाणी देतायत!

वानखेडे सरांनी शांतपणे नान संपवला. हात धुतले, पुसले. "खलिया अप्रतिम आहे," ते म्हणाले, "आणा तो अहवाल." सही केली, अगदी ठसठशीत. सहीच्या वर लिहिलं, 'सहावे प्रकरण नव्याने लिहून प्रबंध पुन्हा सादर करावा.' जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "निराश होऊ नका. खरं क्षेत्रकार्य तुमचं आज झालं."

मार्च गेला. गंगापूरची जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्या परीक्षकाला म्हणे साधा वडापाव दिला होता, तोही सहीनंतर!

गावात मात्र या सगळ्याची एक ओळीची बातमी झाली, "नागपूरच्या पाहुन्यानं मल्हाररावाचं पोरगं नापसंत केलं." मी चिडून आप्पांना म्हणालो, "अवो, सांगा की लोकांना, ते पोरगं बघायला आलेच नव्हते!" आप्पा बिडी विझवत म्हणाले, "बघून तर गेले ना?"

सध्या सहावं प्रकरण नव्यानं लिहितोय. पुन्हा पहिल्या माहितीदाराकडं गेलो. मामा म्हणाला, "लिही की, जात कुठं राहिली आता! फकस्त या टायमाला माझं नाव टाकू नको." मी कागद पुढं ओढतो, पेनाचं टोपण काढतो, 'प्रस्तुत संशोधकाचे स्वतःचे मत' असा मथळा घालतो आणि खाली रेघ मारतो.

आईनं हळद-दूध देऊन पाहिलं, काढा देऊन पाहिला. खोकला काही थांबत नाही.