सासऱ्यांचा न धुतलेला स्पंज

जंतू पाळणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं जंतुमास्तर चहा पिता पिताही ऐकवत. ते खताच्या कारखान्यात केमिस्ट. सांडपाण्यातला अमोनिया खाऊन टाकणारे जंतू त्यांनी तीन महिने खपून एका कॅनमध्ये वाढवले होते. साहेबांनी बजावलं होतं, "सोमवारी हे चाचणीच्या सांडपाण्याच्या पिंपात सोडा. गुरुवारपर्यंत अमोनिया उतरला तर नवी टाकी तुमच्या ताब्यात. नाही उतरला तर तुम्ही गोदामात."

शनिवार-रविवार कारखान्याची वीज बंद राहणार होती आणि हवा मिळाली नाही तर जंतू गुदमरणार. म्हणून मास्तरांनी कॅन घरी आणून बाथरूममध्ये ठेवला. सासू-सासरे माशांच्या टाकीसकट मुक्कामाला आले होते. त्यांच्याकडचा जादा हवेचा पंप मागून घेताना मास्तरांना त्या टाकीतला पाणी गाळायचा काळाकुट्ट स्पंज दिसला.

"बाबा, हा शेवटचा कधी धुतला?"

"तीन वर्षं झाली असतील. मासे कुठं तक्रार करतात?"

"शी! केवढे जंतू असतील त्यात," जंतुमास्तर म्हणाले.

रविवारी बायकोबरोबर बाहेर पडताना त्यांनी सासूबाईंना बजावलं, "आई, कॅनला हात लावू नका. आत जीव आहेत."

इथंच चुकलं. सासूबाईंच्या घरातून मांजरसुद्धा उपाशी गेलं नव्हतं. जीव म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी कॅनमध्ये अर्धा किलो साखर टाकली, वर दोन लिटर दूध ओतलं.

संध्याकाळी मास्तर परतले तेव्हा बाथरूमच्या दाराखालून फेस बाहेर पडून सोफ्यापर्यंत पोचला होता. सासरे पाय वर घेऊन बसले होते.

"जावईबापू, तुमची लेकरं फिरायला निघालीत."

"आई, ते फक्त अमोनिया खातात हो!"

"मग तसं सांगून जायचं ना. बिचारे सकाळपासून उपाशी."

दूध-साखरेवर भलतेच उपटसुंभ जंतू माजले होते. त्यांनी कॅनमधली सगळी हवा फस्त केली आणि मास्तरांचे नाजूक जंतू गुदमरून गेले. मास्तर बादली पालथी घालून त्यावर बसले. तीन महिन्यांची मेहनत वाया गेली होती. डोळ्यांसमोर गोदामातली पोती दिसू लागली आणि त्यांना खरोखरच रडू आलं.

सासऱ्यांना वाईट वाटलं. विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, "मासेही पाण्यात अमोनियाच सोडतात म्हणे. मग माझे मेले कसे नाहीत हो?"

मास्तर ताडकन उठले. "बाबा, तो स्पंज द्या."

"धुवायला?"

"पिळायला!"

सोमवारी पिंपात अर्ध्या स्पंजाचं काळं पाणी पडलं. गुरुवारी अमोनिया उतरला. साहेब खूश झाले. "मास्तर, टाकी तुमची. पण ती भरायला जंतू लागतील ढीगभर. मूळ साठा कुठं आहे? उद्या मी स्वतः बघायला येतो."

मास्तरांनी घरी सगळ्यांना ही बातमी सांगितली. सासऱ्यांची छाती फुगली. सासूबाई मात्र रविवारपासून मनातून खजील होत्या. आपल्या हातून जावयाचं काहीतरी भलं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शुक्रवारी साहेब आले. मास्तरांनी मोठ्या ऐटीत माशांच्या टाकीचं झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. आत स्पंज पांढराशुभ्र झाला होता.

"मोठे साहेब घरी येणार," सासूबाई दारातून म्हणाल्या, "म्हणून सकाळीच साबण लावून दोनदा उकळला."

सासऱ्यांनी साहेबांपुढे खुर्ची सरकवली.

"बसा साहेब," ते म्हणाले. "तीन वर्षं लागतील."