श्वान दृश्यमानता योजना

हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, ही गोष्ट कारखान्याच्या सुरक्षा विभागाला एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरात प्रथम अधिकृतपणे कळली. कारखान्याच्या वसाहतीच्या फाटकापासून बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोवर अंधार पडत होताच, पण त्याची नोंद नव्हती. रस्त्याला खांब होते. खांब एका खात्याचे, तारा दुसऱ्या खात्याच्या, आणि बल्ब कोणी लावायचे याबद्दल पत्रव्यवहार चालू होता.

या रस्त्याने ठमी रोज घरी जाई. ती बेटेगावपलीकडच्या पाड्यावर राहायची आणि सुरक्षा अधिकारी कमलाकांत साहेबांकडे धुणीभांडी करायची. काम आटोपून ती फाटकाबाहेर आली की तिचा काळाकुळकुळीत कुत्रा डांबऱ्या उठून अंग झटके आणि दोघं निघत. रसायनांचा टँकर आला की ठमी कडेच्या गटारात उतरे, मागोमाग डांबऱ्याही उतरे. पद्धत जुनी आणि खात्रीची होती.

मग एका संध्याकाळी प्रिन्सच्या शेपटीला टँकरचा धक्का लागला. प्रिन्स हा साहेबांच्या पत्नी पुष्पलताबाई यांचा पामेरियन. फाटकाबाहेर धक्का लागला असता तर ते प्रकरण जनावरांच्या डॉक्टरांपुरतं राहिलं असतं. पण मोजमाप घेतल्यावर आढळलं की धक्का लागला तेव्हा प्रिन्सचं तोंड रस्त्यावर आणि शेपूट कारखान्याच्या हद्दीत होती. त्यामुळे फाटकावरच्या ‘अपघाताविना गेलेले दिवस’ या फलकावर शून्य लिहावं लागलं. मार्चमध्ये सुरक्षेची ढाल मिळायची होती. साहेब त्या रात्री जेवले नाहीत.

चौकशी समितीने मूळ कारण शोधलं. बल्ब नसणं हे कारण धरता येईना, कारण बल्ब विद्युत विभागाच्या अखत्यारीत, आणि त्या विभागाचे प्रमुख समितीतच बसले होते. उरला प्रिन्स. त्याने कोणतंही वैयक्तिक सुरक्षा साधन परिधान केलं नव्हतं, हे सर्वांनी मान्य केलं.

अशा रीतीने श्वान दृश्यमानता योजना सुरू झाली. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात गाडीच्या दिव्यात चमकणारी पिवळी पट्टी. या पट्टीला स्वतःचा प्रकाश नसतो, ती दुसऱ्याचा परत करते; त्यामुळे विजेचा प्रश्नच येत नाही. फाटकाशी बसणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या शेपट्याही हद्दीत असू शकतात, म्हणून त्यांनाही पट्ट्या मिळाल्या. डांबऱ्यालाही मिळाली.

“साहेब, यो आता नवरदेवावानी दिसतो,” ठमी म्हणाली.

पट्ट्या उत्तम चालल्या. टँकरवाले लांबूनच कुत्रं ओळखून गाडी वळवू लागले. डांबऱ्याच्याही ते ध्यानात आलं. त्याने गटारात उतरणं सोडलं आणि तो डांबरावरून ऐटीत चालू लागला. ठमी कडेच्या मातीतूनच चालत राहिली.

जानेवारीत रामकिसन नावाच्या ड्रायव्हरला पट्टी दिसली. त्याने टँकर डावीकडे मातीत घातला. तिथे ठमी होती. तिने गटारात उडी घेतली आणि तिचं मनगट मोडलं.

समितीने रामकिसनला कमलाकांत साहेबांच्या घरी बोलावलं.

“साहब, पट्टा चमका, तो मैंने गाड़ी काट ली. बाई तो दिखी ही नहीं.”

“पण पट्टी दिसली?”

“दूर से दिखी, साहब.”

“म्हणजे योजना यशस्वी,” कमलाकांत साहेब म्हणाले. गटार हद्दीबाहेर होतं, त्यामुळे फलकाला धक्का नव्हता. सोबतच्या व्यक्तींनी श्वानापासून सुरक्षित अंतर ठेवावं, अशी शिफारस करण्यात आली.

ठमी प्लास्टरचा हात घेऊन दारात उभी होती.

“साहेब, मला पन एक पट्टी द्या. डांबऱ्या दिसतो, मी नाय दिसत.”

“पट्ट्या कुत्र्यांसाठी मंजूर झाल्या आहेत, ठमी.”

“मंग मला कुत्र्यांत लिवा.”

कोणी हसलं नाही. नियमात बसतं का, ते पाहायला हवं होतं. परिपत्रक उघडण्यात आलं. भटकी कुत्री सामावून घेण्यासाठी त्यात श्वानाची व्याख्या सैल ठेवली होती: सूर्यास्तानंतर फाटकाबाहेर पायी वावरणारा व वसाहतीतील उरलेल्या अन्नावर अवलंबून असणारा जीव. पाय किती, हे लिहायचं राहिलं होतं.

“उरलेलं कसलं?” पुष्पलताबाई आतून म्हणाल्या. “सकाळचीच तर भाजी असते.”

“बसतंय,” साहेब म्हणाले. “मालकाचं नाव?”

“नवरा मेला माजा.”

“नवरा नाही, मालक.”

“मीच की.”

“स्वतःचा मालक स्वतः, अशी तरतूद नाही.”

“माझं नाव घाला,” पुष्पलताबाई बाहेर येत म्हणाल्या. “पण इंजेक्शनं तिची तिने घ्यायची.”

पट्टी आली. ठमी कमरेला बांधू लागली, तेव्हा साहेबांनी थांबवलं. नियमात गळा होता.

“म्हनून तो रातभर मान खाजवतो,” ठमी म्हणाली, आणि तिने पट्टी गळ्यात बांधली.

त्या संध्याकाळी रामकिसनचाच टँकर समोरून आला. त्याला दोन पट्ट्या दिसल्या, एक खाली, एक वर. त्याने गाडी जागीच थांबवली. ठमी पहिल्यांदाच गटारात न उतरता घरी गेली.

आठवड्याभरात पाड्यावरच्या बाकीच्या बाया वसाहतीत मालक शोधत आल्या. मालक व्हायला कोणी नकार दिला नाही. पुढे सायकलवरचे कामगार नियमापुरते पायउतार होऊन आले, पाम गावाकडून पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया आल्या. मार्चमध्ये ढाल मिळाली. बल्बांचा पत्रव्यवहार ‘आवश्यकता उरली नाही’ असा शेरा मारून बंद करण्यात आला.

तुम्ही कधी संध्याकाळी या रस्त्याने गाडीतून आलात, तर पिवळं काही चमकताच वेग कमी करा. चमकणाऱ्याला कोणीतरी मालक आहे. एरवी निश्चिंत राहा. चाकाखाली काही आल्यासारखं वाटलं आणि पट्टी चमकलेली आठवत नसेल, तर तिथे कोणी नव्हतं असं समजण्यास समितीची परवानगी आहे. ती परवानगी तुम्ही कधीपासून वापरताय, हे समितीने विचारलेलं नाही.