शेवटचा डबा येईपर्यंत

आमच्या बडनेऱ्यात वानखडे गार्डांच्या घरी जेवायला बसलात, तर शिट्टी झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. पानं वाढून झाली की गार्डसाहेब पंगतीच्या टोकाला जातात, शेवटच्या माणसाच्या पानात मिठापर्यंत सगळं आलं का ते वाकून बघतात आणि मग खिशातली शिट्टी फुंकतात. रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. एका लग्नात त्यांनी वरातीची बस अर्धा तास अडवून धरली. "एक मानूस कमी हाय," एवढंच म्हणत राहिले. लोक चिडले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला. शेवटी नवरदेवाचा मामा पानठेल्यावर सापडला.

मी शाळेतली मास्तरीण. पोरांना ओळीत उभं करण्यात जन्म गेला, तरी शिट्टीवर इतकी निष्ठा माझीही नाही. त्यांची आमची भिंत एक, त्यामुळे शिट्टी मला दोन्ही वेळा ऐकू येते. मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे, हे आधीच कबूल करते.

माझी सायली परदेशात डॉक्टरकी शिकत होती आणि त्या देशात युद्ध पेटलं. पोरगी होस्टेलच्या तळघरात. दिवसातून एकदा फोन यायचा, तोही मिनिटभर. नातेवाईक यायचे, चहा प्यायचे आणि "तिकडं पाठवलीच कशाला" असं विचारून जायचे. गार्डसाहेब आले ते चहा नको म्हणाले. उभ्याउभ्याच बोलले.

"मॅडम, शनिवारी पाच वाजता मी चौकात लाल झेंडा घेऊन उभा राहतो. हे लढाई थांबाले पायजे."

माझं डोकंच फिरलं. "गार्डसाहेब, तिथल्या तोफांना बडनेऱ्याचा झेंडा दिसणार आहे का?"

"गार्डाचा झेंडा डायवरले दरवेळी दिसतेच असं नाई, मॅडम. वळनावर तं दिसतच नाई. म्हनून दाखवाचाच नाई का?"

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. आज आठवलं की लाज वाटते.

त्यांनी पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज दिला. अर्जात कारण लिहिलं: 'पुढे धोका आहे.' ठाण्यातल्या साहेबाला वाटलं, रुळांचं काही काम निघालं असेल. परवानगी मिळाली.

पहिला शनिवार मी गच्चीवरून पाहिला. चौक तिथून सरळ दिसतो, बोलणंही ऐकू येतं. पाचच्या ठोक्याला गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली आणि चौकाच्या मधोमध लाल झेंडा आडवा धरला. आता बडनेऱ्यात दर दुसरं-तिसरं घर रेल्वेवाल्याचं. लाल झेंडा दिसला की इथला माणूस विचारत नाही, थांबतो. ऑटो थांबले, दूधवाला थांबला, एका जुन्या इंजिन ड्रायव्हरने तर स्कूटर बंद करून स्टँडवर लावली आणि तंबाखू मळायला घेतली. का थांबलो हे कुणी कुणाला विचारेना. 'युद्ध थांबवा' लिहिलेलं कापड रहीमभाई टेलर सायकलवरून आणत होते, ते त्याच गर्दीत मागे अडकले.

तेवढ्यात हवालदार आला. "काका, हा झेंडा कोन्या पक्षाचा?"

"रेलवेचा."

"अन् बगलेतला हिरवा?"

"तो बी रेलवेचाच. रस्ता मोकळा कराले लागते."

असं म्हणून त्यांनी हिरवा दाखवला. सगळे आपापल्या वाटेने गेले आणि रहीमभाई कापड घेऊन रिकाम्या चौकात पोचले. कितीतरी दिवसांनी मी हसले. हसता हसता रडू आलं, तेही खरं.

पुढच्या शनिवारी ते शहाणपणाने रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सहा जण आले. गार्डसाहेबांच्या खिशातल्या वहीत नोंद झाली: '१७.०० आरंभ. हजेरी सहा. अडथळा, एक गाय.'

तिसऱ्या शनिवारी मीच गेले. दोन दिवस सायलीचा फोन नव्हता आणि घर खायला उठलं होतं. पायात घरातल्याच चपला. गार्डसाहेबांनी मला ओळीच्या टोकाला, आपल्या शेजारी उभं केलं आणि गुंडाळलेला हिरवा झेंडा हातात दिला.

"हा तुमच्यापाशी ठेवा. आपली पोट्टी आली का दाखवू."

आपली म्हणाले. त्या एका शब्दावर मी पुढचे दिवस काढले.

सायली आली. बसने सरहद्द ओलांडून, मग विमानाने, मग रेल्वेने. बडनेरा स्टेशनवर आम्ही सगळे तिच्या डब्यासमोर. गार्डसाहेब मात्र दूर, फलाटाच्या पार टोकाला उभे. शेवटचा डबा आत आलेला डोळ्यांनी पाहिला, मगच ते आमच्याकडे वळले. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "बेटा, मांगं कोन राहिलं?"

सायली म्हणाली, "आमच्या स्वयंपाकाच्या मावशी. तळघरात आमच्यासाठी पाव भाजायच्या. त्या नाही निघाल्या."

गार्डसाहेबांनी वही काढून काहीतरी लिहिलं.

त्या शनिवारी मी पेढे घेतले, हिरवा झेंडा घेतला, सायलीला घेतलं आणि चौकात गेले. पाहते तर लाल झेंडा नेहमीसारखाच वर. मी हिरवा सोडायला लागले, तर गार्डसाहेबांनी हात आडवा केला.

"थांबा, मॅडम. गाडी पुरी नाई आली."

"सायली आली ना, गार्डसाहेब."

"आली. लय चांगलं झालं." त्यांनी पेढा हातातच धरला. "पस्तीस वर्सं मी मांगच्या डब्यात एकटा होतो. दिवाळी बी तिथंच, बायको गेल्याचा निरोप बी तिथंच आला. पुढची मानसं उतरून घरी जातात, मांगच्याची कोनाले याद राहत नाई. शेवटचा डबा पाहल्याबिगर गाडी आली म्हनाचं नाई, एवढंच मले येते." त्यांनी वही उघडून दाखवली. सायलीच्या नावापुढे 'पोचली' होतं. खाली 'पाववाली मावशी', पुढची जागा कोरी.

मी ज्याला खूळ समजत होते, त्याच खुळापायी हा माणूस माझ्या लेकीसाठी उन्हात उभा राहिला होता. त्याचे उपकार कसे फेडतात, मला ठाऊक नाही. सायलीने माझ्या हातातला झेंडा घेतला, नीट गुंडाळला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. मग आम्ही दोघी ओळीच्या टोकाला उभ्या राहिलो. गार्डसाहेबांनी वाकून टोकापर्यंत पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

हिरवा झेंडा अजून माझ्याकडेच आहे. दर शनिवारी पिशवीत घालून नेते.