टचस्क्रीन निवड समितीचे यश

तक्रार करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि ती कुठे करावी हे त्याला कळू न देणे हे कार्यालयाचे कौशल्य आहे. पाणीपुरवठा कार्यालय या दोन्हींचा मान राखत आले होते. अशात वरून आदेश आला, की यापुढे नागरिक आपली तक्रार टचस्क्रीनवर स्वतःच नोंदवतील.

म्हणजे तक्रार खिडकीवरच्या बाईंची खुर्ची जाणार होती आणि बाई गावाबाहेरच्या पाइपांच्या गोदामात. तिथून घरी यायला रात्र झाली असती. शाळेतून आलेली मुलगी तोवर कुलपाकडे बघत पायरीवर बसली असती. कार्यालयाने मात्र माणुसकी दाखवून त्यांनाच निवड समितीचे सचिव केले. (स्वतःची खुर्ची काढण्याचे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे.)

समितीपुढे दोन नमुने आले. पहिला पडदा दाबला की चालायचा. चाचणीला बोलावलेल्या नागरिकांच्या नळाला आठवडाभर पाणी नव्हते, त्यामुळे त्यांनी तो मनापासून दाबला. पडदा पातळ भिंतीसकट पलीकडे लेखापालांच्या जेवणाच्या डब्यावर पडला. लेखापालांनी विरोधी मत नोंदवले.

दुसऱ्या पडद्याला नुसता स्पर्श पुरायचा. तो फारच मनकवडा निघाला. कार्यालयाचे छत गळत होते, त्याचे थेंब पडद्यावर पडले आणि गळतीच्या अकरा तक्रारी आपोआप नोंदल्या गेल्या. (सर्व रास्त होत्या. त्यामुळेच साहेब घाबरले.)

"बाई, हा नको तेवढा हळवा आहे हो!"

"मग वरून काच बसवू या, साहेब. मासे ठेवायच्या टाकीला असते ना, तेवढी जाड."

"आणि आतलं प्लास्टिक?"

"ते कशाला काढायचं? नवी वस्तू आहे."

पहिल्याचा दणकटपणा आणि दुसऱ्याचा हळवेपणा एकत्र आणल्याबद्दल समितीने स्वतःचे एकमताने अभिनंदन केले.

उद्घाटनानंतर पहिले आले एक आजोबा. त्यांनी काचेवर बोट टेकवले, दाबले, घासले. पडदा ढिम्म.

"चालत नाही हो, बाई."

"बोट ओलं असेल, आजोबा. पुसून परत लावा."

"ओलं कुठून असेल? पाणी नाही म्हणून तर आलोय!"

तरी त्यांनी बोट सदऱ्याला पुसले आणि पुन्हा लावले. शेवटी "माझंच बोट म्हातारं झालंय" म्हणत ते निघून गेले. बाईंना वाईट वाटले. खरेच फार वाईट वाटले. मग पाच वाजले आणि त्या घरी गेल्या. मुलगी दारात वाट बघत होती.

महिनाअखेर तक्रारी शून्य, म्हणजे समाधानी नागरिक शंभर टक्के. नागरिकांना बोटे पुसायला सांगणारे कोणीतरी हवेच, म्हणून बाईंची खुर्ची कायम झाली आणि तिला नवी गादीही मिळाली.

आता कार्यालयाला एकच धास्ती आहे: एखादा नागरिक आपल्या बोटाऐवजी पडद्यावर संशय घेईल. असा माणूस शोधायला समितीने गावभर पाहणी केली, पण अजून एकही सापडलेला नाही. तुमच्याकडेही समिती येऊन गेली. तुमच्या फोनचा पडदा चालत नव्हता आणि तुम्ही बोट शर्टाला पुसत होता, म्हणून दार न वाजवताच ती समाधानाने परत फिरली.