नन्नासाहेबांची दाढ

"दाताचा डॉक्टर म्हणजे काय? आपल्याला तोंड उघडायला लावून आपला खिसा उघडणारा माणूस!"

नन्नासाहेब हे वाक्य वर्षातून दोन-तीनदा तरी म्हणत, आणि दर वेळी ते आत्ताच सुचल्यासारखं स्वतःच खो खो हसत. घरात दुसरं कुणी हसत नसे.

आधी लोक त्यांना नानासाहेब म्हणत. पण ते पडले एका कारखान्याच्या खरेदी खात्यात मुख्य कारकून. कुणी काही मागायला आलं की यांचा नन्नाचा पाढा सुरू! "नवी पेन्सिल? जुनीचं टोक दाखवा!" "पंखा? मग खिडक्या काय शोभेला आहेत?" तेव्हा नानासाहेबांचं नन्नासाहेब व्हायला कितीसा वेळ लागणार! घरीही तेच. नवे पडदे? नाही. कपडे धुवायचं यंत्र? नाही. "अहो, श्वास घेऊ का?" असं एकदा बायकोने चिडून विचारलं, तर म्हणे, "बेताने घे!"

मध्यंतरी बायकोने सगळ्या घराला दात तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नन्नासाहेबांच्या खालच्या दाढेत डोकावून सांगितलं, "लहानशी कीड आहे. आत्ता भरून टाकू, चपलेच्या जोडाइतकाही खर्च नाही."

"लहान आहे ना? मग मोठी झाली की बघू!" म्हणत नन्नासाहेब खुर्चीतून उतरले.

"मोठी झाली की?" बायको जिन्यात म्हणाली. "कीड आहे ती, तान्हं बाळ नव्हे वाढवायला!"

"बत्तीस दात आहेत मला. एकाने कुरकुर केली तर बाकीचे एकतीस काय झोपा काढतायत?"

हे एकतीस जण किती कामाचे आहेत, ते एका शनिवारी कळलं. नन्नासाहेबांनी ऐटीत एक भाजलेला शेंगदाणा तोंडात टाकला, कडकन चावला, आणि दाढेतून निघालेली कळ कानातून, डोळ्यातून आणि बहुधा चष्म्याच्या काचेतूनही बाहेर पडली! क्षणभर त्यांना स्वतःचं नाव आठवेना.

आता शहाणा माणूस काय करील? डॉक्टरकडे जाईल. पण तोऱ्यात इतकी भाषणं ठोकल्यावर कुठल्या तोंडाने जाणार? दाढ गेली तरी चालेल, नाक शाबूत राहिलं पाहिजे! म्हणून त्यांनी गालात लवंग दाबली, ओठ घट्ट मिटले आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. कारण तोंड जरा उघडलं की वारा आत शिरायचा, आणि वारा शिरला की दाढेत कुणीतरी करवत चालवायचं.

इथेच घात झाला. मंडळी, तुम्हीच तोंड मिटून बघा. मिटल्या तोंडाने "हं" म्हणता येतं. पण "अंहं" म्हणायला त्या "अं"पुरता जबडा हलवावा लागतो! बरं, मान आडवी हलवावी तर दाढ डबीतल्या खड्यासारखी खुळखुळायची. उभी हलवली तर तेवढी चालायची. म्हणजे जन्मभर "नाही" म्हणत आलेल्या माणसाजवळ आता फक्त "हो" उरलं होतं!

पहिली आली मुलगी. "बाबा, कॉलेजची सहल चाललीय डोंगरावर. चार दिवस. जाऊ?"

एरवी यावर अर्ध्या तासाचं भाषण झालं असतं. नन्नासाहेबांनी छाती भरून घेतली, ओठ विलग केले, वारा आत शिरला...

"हंऽऽ!"

"काऽऽय? खरंच?" मुलगी किंचाळली आणि तिने बाबांना कडकडून मिठी मारली. नेमकी दुखऱ्या गालाकडून! नन्नासाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आई, बाबा रडतायत!" ती स्वयंपाकघराकडे पळत ओरडली. "किती माया आहे गं त्यांना, आपण उगीच काहीबाही बोलतो!"

बायको हात पुसत बाहेर आली. तिने नवऱ्याला खालून वर न्याहाळलं. मग तिने खडा टाकून पाहिला. "अहो, तो सोफा. आपण नवा घ्यायचा का?"

जुन्या सोफ्याची कीर्ती मोठी होती. पाहुणा बसला की त्यातली एक स्प्रिंग उठून उभी राही. नन्नासाहेबांनी विरोध म्हणून जोरात हात झटकला.

"आत्ताच जाऊ म्हणता? बरं बाई!" बायकोने पर्स उचललीसुद्धा, आणि गुरुवारी घरी पोचवायच्या बोलीवर सोफा ठरवूनही आली.

सोमवारी ऑफिसात शिपाई सवयीने, काहीही आशा न ठेवता म्हणाला, "साहेब, पंख्यांचं तेवढं बघा." साहेबांची मान खालीवर झाली. शिपायाला भोवळ आली, पण खात्यात नवे पंखे आले. आणि त्या पंख्यांचा वारा थेट कुठे लागला, हे सांगायला नकोच!

मंगळवारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ आजवर सात धंदे काढून त्यातल्या सातांत बुडाला होता. आता त्याने असा धंदा निवडला होता की ज्यात बुडायचीच सोय होती. "दाजी, शोभेचे मासे! फक्त महिनाभर तुमच्या हॉलमध्ये टाक्या ठेवू का?"

नन्नासाहेब दरवाजाकडे बोट दाखवून "हं! हं! हं!" असं तीनदा म्हणाले.

"दाराजवळ ठेवू? दाजी, तुम्ही देवमाणूस आहात!"

रात्रभर टाक्यांतली हवेची मोटर बुडबुड, बुडबुड करत राहिली आणि तिच्या तालावर दाढ ठणठण, ठणठण. मासे मात्र काचेला नाक लावून नन्नासाहेबांकडे बघत होते. सारखी तोंडं उघडत होते, मिटत होते. एवढा हेवा नन्नासाहेबांना आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता!

आता घरात सगळ्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण बायको खूश होईना. ती भावाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अरे, काहीतरी भलतंच आहे. हे जेवत नाहीत, बोलत नाहीत, जो जे मागेल ते देतायत. माणूस असं कधी करतो?"

"लॉटरी लागल्यावर?"

"मूर्खा! जायची वेळ आल्यावर!"

हे डोक्यात शिरलं आणि त्या माउलीची झोप उडाली. बुधवारी संध्याकाळी ती नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. डोळे लाल. "अहो, माझ्यापासून काही लपवू नका. मला सगळं कळलंय."

नन्नासाहेबांना एकदम सुटल्यासारखं झालं. कळली एकदाची दाढ! त्यांनी मान डोलावली. "हं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

दाखवलं होतंच की, मागेच! "हं."

"मग... किती?" तिला हुंदका आवरेना. "किती दिवस?"

किती दिवस दुखतंय? शनिवार, रविवार, सोमवार... नन्नासाहेबांनी मनात मोजलं आणि पंजा वर केला.

"पाच? पाच वर्षं?"

नन्नासाहेबांनी डोळे वटारले.

"पाच महिने?"

त्यांनी वैतागून पंजा तिच्या नाकासमोर नाचवला.

"पाच दिवस!"

"हं!"

बायकोने टाहो फोडला आणि मागे सोफ्यावर कोसळली. स्प्रिंग उठली. बायको पुन्हा उभी राहिली. मग मेहुणा रडायला लागला, मुलगी सहलीची पिशवी टाकून रडायला लागली, आणि ही सगळी अशी एकाएकी का रडतायत हे न कळून नन्नासाहेबही घाबरून रडायला लागले.

बातमी ऐकून गुरुवारी सकाळीच त्यांची थोरली बहीण येऊन थडकली. ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा की अजूनही रस्त्यातली मोठी माणसं चटकन रांगेत उभी राहत. दारातूनच "माझ्या बाळा रे!" म्हणत ती आली आणि तिने भावाचा चेहरा दोन्ही तळव्यांत गच्च दाबून धरला.

"आऽऽऽई गंऽऽऽऽ!"

बिचारे मासे टाकीच्या तळाला जाऊन बसले. पाच दिवसांत पहिल्यांदाच नन्नासाहेबांचं तोंड पूर्ण उघडलं होतं, आणि ताईने ती संधी सोडली नाही. त्यांना खिडकीशी ओढत नेलं, आत वाकून पाहिलं आणि निकाल जाहीर केला.

"अगं, मरत कसला हा! दाढ सडलीय ह्याची!"

बायकोने डोळे पुसले. पदर खोचला. तिच्या चेहऱ्यावरचं दुःख असं काही पालटलं की नन्नासाहेबांना वाटलं, त्यापेक्षा ते पाच दिवसच बरे होते.

"दाढ?" ती म्हणाली. "मी रात्रभर पांढऱ्या साड्या आठवतेय, आणि तुमची दाढ? चला!"

डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून शीळ घातली. "लहान कीड आता चांगली कर्तीसवरती झालीय. मुळापर्यंत साफ करावं लागेल. आणि नंतर त्यावर टोपी घालावी लागेल."

टोपी घालणार, हे तोंडावर सांगणारी पहिलीच डॉक्टर! पण बोलणार कसं? तोंडात दोन नळ्या, तीन हत्यारं आणि बाईंचा हात होता. "घालू ना?" त्यांनी विचारलं. "आं," नन्नासाहेब म्हणाले.

बाहेर बायकोने बिल पाहिलं आणि ती मटकन बाकावर बसली. जवळजवळ सोफ्याची किंमत! दोन खर्च एका महिन्यात झेपणारे नव्हते. तिने एक लांब सुस्कारा सोडला, घरी भावाला फोन लावला आणि हळूच सांगितलं, "आज सोफा येईल. दारातूनच परत पाठव."

नन्नासाहेबांना याचा पत्ताच नव्हता. सुई टोचल्याने अर्धं तोंड बधिर होतं, पण कळ गेली होती! टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांना सहल, सोफा, पंखे, मासे असं सगळं एकदम आठवलं. आता घरी पोचताच एकेकाला बघून घेतो! त्यांनी खिडकीकडे तोंड करून सराव सुरू केला. "आही." जमेना. "लाही." अंहं. "दाही... ञाही..." टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला. घराशी पोचता पोचता एकदाचं जमलं. "नाही! नाही!" वा! तलवारीसारखं!

बायको औषधं घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात उतरली. नन्नासाहेब मात्र एका दमात चार मजले चढून गेले. वर बघतात तो दारात अडकलेला नवाकोरा सोफा, एका टोकाला एक हमाल, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि आतून मेहुणा काहीतरी ओरडतोय.

घामाघूम झालेला हमाल वळला. "साहेब, घरातले म्हणतात सोफा परत न्या. नेऊ का परत?"

त्यातलं "साहेब" आणि "सोफा" एवढंच नन्नासाहेबांनी ऐकलं. पाच दिवस कोंडलेली तोफ होती ती!

"नाऽऽऽही!"

"वाचलो बाबा!" म्हणत हमालांनी एका झटक्यात सोफा आत ढकलला आणि मालकाचं मन बदलायच्या आत ते जिना उतरूनही गेले.

नेमकी तेव्हाच औषधांची पुडी घेऊन बायको वर पोचली. तिने सगळं ऐकलं होतं. ती दारातच थबकली. कधी सोफ्याकडे बघे, कधी नवऱ्याच्या सुजलेल्या गालाकडे.

"अहो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांचं एवढं बिल झालं, म्हणून मी परत पाठवत होते. तुम्ही परत न्यायला नाही म्हणालात? माझ्यासाठी?"

नन्नासाहेबांनी तोंड उघडलं. आता ते उघडत होतं, वारा लागत नव्हता, दाढही गप्प होती. खरं काय ते सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण तिने त्यांच्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना.

"हं," ते म्हणाले.