विलायती राजासाठी मेडशीत मुंडण

"राजा मरत नसते!" गोलूच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसल्याबसल्या चंपतने जाहीर करून टाकलं. "अन् मेलाच, तं हे डोकं अन् हे मिशी, दोन्ही तुह्या वस्तऱ्याच्या हवाली!"

गोलूने वस्तरा पुसत आरशातून बघितलं. "पाहा बरं चंपतभाऊ. चार माणसं आयकून राह्यले."

"चार काय, अख्खी मेडशी आयकू दे!"

आता चंपतची मिशी म्हणजे काही साधीसुधी चीज नव्हती. त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी मिशी दिसते. पण त्या मालिकेने माणसाला येडं करून सोडलं होतं, त्याला कोण काय करणार! आर्थर राजाच्या विलायती दंतकथेवरची मालिका, पण सगळे फर्डं हिंदी बोलणारे. चंपतकडचा टीव्ही गल्लीत सगळ्यात मोठा, म्हणून वावरातून परतलेली अर्धी गल्ली दुपारी त्याच्या बैठकीत कोंबलेली असायची. पहिल्याच भागात त्या कोवळ्या पोराने दगडात रुतलेली तलवार अशी काही अलगद उपसली, की कोणाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. चंपतच्या बायकोच्या, प्रयागबाईच्या हातातली मेथीची जुडी निवडायची तशीच राहिली. "बाप्पा!" एवढंच ती म्हणाली.

आणि तळ्यातून एका बाईचा हात तलवार घेऊन वर आला तेव्हा? चंपतचे म्हातारे वडील पुंजाजी खाटेवरून उतरले, चपला बाजूला सारल्या आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. "अबे, ह्या तं आपल्या साती आसरा! पाण्यातल्या देव्या! विलायतेतही हायेत!" त्या दिवसापासून मालिका सुरू व्हायच्या आधी टीव्हीला हळद-कुंकू लागायला लागलं.

प्रयागबाईला एकच काळजी. रविवारी केनवडचे पाहुणे लेकीला, राधिकाला बघायला येणार होते. तसं बघायचं काही उरलं नव्हतं. राधिका आणि पाहुण्यांचा मुलगा शिवम कॉलेजापासून एकमेकांना ओळखत होते, फक्त मोठ्यांच्या होकाराचं काम बाकी होतं. "बाबा, हे जमलं नाई तं मी पुन्हा कोणापुढं पोहे घेऊन येणार नाई," राधिकाने बजावून ठेवलं होतं.

"तू बिनघोर राह्य," चंपत म्हणाला. "तुह्या बापाच्या हातून आजपर्यंत एक तरी काम बिघडलं काय?"

शुक्रवारी दुपारी शेवटचा भाग लागला, आणि राजा पडला! सख्ख्या रक्ताच्या माणसाने घात केला. काळ्या कपड्यांतल्या बायकांनी त्याला नावेत घातलं आणि नाव धुक्यात दिसेनाशी झाली. बैठकीत हुंदके फुटले. एवढा मोठा माणूस इतक्या शांतपणे जातो, हे बघून चंपतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो तसाच उठला आणि सलूनमध्ये जाऊन बसला.

"भाऊ, मजाक होती ते," गोलू गयावया करायला लागला.

"राजानं मरेस्तोवर शबुद पाळला. मी पाळू नोको काय? चालव वस्तरा!"

घरी आला तेव्हा प्रयागबाईने किंकाळीच मारली. आपल्याकडे माणूस डोकं आणि मिशी एकदम कधी काढतो, हे काय कोणाला सांगायला पाहिजे? "अवो, सासरेबुवा जित्ते हायेत नं! खाटेवर बसून भजे खाऊन राह्यले! पाहुण्याले काय सांगता?"

"खरं ते सांगू," चंपत म्हणाला.

शनिवारी तो वांगी घेऊन मालेगावच्या बाजाराला गेला. त्याला बघून बाजार एकदम गप्प झाला. नेहमी भावासाठी भांडणारा व्यापारी जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कवा झालं?"

"काल दुपारी," चंपतने वांग्यांचं टोपलं खाली ठेवलं.

"काई बिमारी?"

"नाई हो. घरच्याच माणसानं घात केला."

व्यापारी दोन पावलं मागे सरकला. "राम राम! अन् शेवटी?"

"बायकांनी नावेत घालून नेलं."

त्या दिवशी कोणी घासाघीस केली नाही. अख्खा बाजार आपल्या राजासाठी हळहळतो आहे हे बघून चंपतला भरून आलं. माणसं किती मोठ्या मनाची असतात, असं तो घरी येऊन प्रयागबाईला सांगतही होता. तिकडे बातमी त्याच्या आधी एसटीत चढली होती. रिसोडपर्यंत पोचता पोचता पुंजाजींचा घरच्याच माणसाने काटा काढला होता आणि केनवडपर्यंत प्रेताचाही पत्ता लागत नव्हता!

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. शिवमचे वडील पांढरी टोपी घालून उतरले, मागून शिवम. शिवमची आई, निताबाई, उतरतानाच पदर तोंडाला लावून होती. तिने दारातूनच सूर लावला, "कसे गेले वो तुमी, बुवाऽऽ!"

"कोण गेलं?" खाटेवरून पुंजाजींनी विचारलं.

निताबाईचा सूर मधेच तुटला. समोर म्हातारा तंबाखू मळत धडधाकट बसलेला. शेजारी त्याचा मुलगा, डोकं तुळतुळीत, मिशी सफाचट! शिवमचे वडील हळूहळू लाल व्हायला लागले. "हे काय नाटक हाये? जित्त्या बापाच्या नावानं टक्कल? असल्या अभद्र घरात आमी सोयरीक नाई करत! चाल वो!"

आतल्या दारात राधिका पोह्यांचा ट्रे धरून उभी होती. ती ट्रे घेऊन मागे वळली. चंपतने ते बघितलं. पोरीचं सोनं व्हायचं आणि आपल्या हजामतीपायी माती होऊन राहिली! त्याने सरळ हात जोडले.

"थांबा, व्याही. बाबासाठी नाई केलं. ते तलवारवाली मालिका हाये नं... राजा मेला तं मुंडण करीन, असं मी चारचौघात बोललो होतो. राजा गेला."

शिवमच्या वडिलांना काही उमगलं नाही. पण निताबाई मटकन खाली बसली. "राजा... गेला?"

"शेवटच्या भागात."

"मी शेवटचा भाग राखून ठेवला होता वो! सोयरीक जमली की गोडधोड करून पाहीन म्हणलं होतं!" आणि तिने असा काही हंबरडा फोडला की गल्लीतल्या बायका धावत आल्या. म्हाताऱ्यासाठी केनवडहून आणलेलं सगळं रडं राजाच्या कामी आलं. प्रयागबाईनेही तिच्या गळ्यात पडून घेतलं. पुंजाजींनी तंबाखू बाजूला ठेवला आणि टोपी काढली.

बऱ्याच वेळाने निताबाईने डोळे पुसले आणि चंपतच्या डोक्याकडे टक लावून बघितलं. कोणी देवळाच्या कळसाकडे बघावं, तसं. "अरे बाप्पा! एका बोलासाठी मिशी देल्ली? आजकाल लोक सह्या करून पलटतात! आवो, आयकता काय, पोरगी याच घरची पाह्यजे."

शिवमच्या वडिलांनी टोपी सारखी केली. बायकोपुढे त्यांचं आजवर कधी चाललं होतं? "बरं," ते म्हणाले. लगेच नारळ आला, कुंकू लागलं, राधिकाचे पोहे वाटले गेले. चंपतने सवयीने मिशीला पीळ द्यायला बोटं वर नेली आणि नुसतंच ओठ चोळून खाली आणली.

तेव्हा सकाळपासून मुकाट बसलेल्या शिवमने चंपतकडे बघून पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, तुमी टीव्ही कवा बंद केला?"

"पडद्यावर नावं सरकू लागली तवा. पाहावलंच नाई."

"नावं संपल्यावर आणखी जराक असते. राजा मेला नाई. त्या बेटावर झोपेल हाये. शेवटी डोळे उघडते."

चंपतचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"अबे, मंग आतापर्यंत काहून नाई बोलला?"

शिवमने आईकडे बघितलं. "माय म्हणे, सोयरीक पक्की होईस्तोवर तोंड उघडू नोको!"