नथूआबांचं धुवण

सकाळी कुकर लावायच्या वेळेला आमच्या दाराची बेल वाजायची. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुढे बादली आणि बादलीमागे नथूआबा. "धुवण द्या," एवढंच म्हणायचे.

धुवण म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी. ते आम्ही इतकी वर्षं मोरीत ओतलं, हा आबांच्या मते आमच्या सगळ्या शिक्षणावरचा डाग होता. आबा मावळातल्याच औंढ्याचे, जन्मभर भातशेती केलेले. बायको गेल्यावर मुलाने त्यांना वराळ्याला, आमच्या सोसायटीत आणलं. शेती आता पुतण्या बघतो. आबा आमच्याकडे बघतात, आणि जे दिसतं ते त्यांना मुळीच पसंत नाही.

नुसतं पाणी घेऊन जातील तर शपथ. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळं न्याहाळायचे. माझी बायको चार पाण्यांनी तांदूळ धुते हे पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "तांदूळ हायेत का पाप?" एकदा मी बेसिनचा नळ सोडून दाढी करत होतो, तर येऊन नळ बंद करून गेले. तोंडाला फेस लावून मी तसाच उभा.

संताप यायचा, पण त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या मावळात पावसाळ्यात छत्री वाळत नाही आणि एप्रिल उजाडला की फाटकाशी टँकर. "धरन उशाला, टँकर दाराला. लय हुशार मान्सं," असं आबा जिन्यातून उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटायचे.

गेल्या उन्हाळ्यात टँकरही वेळेवर येईनात. कमिटीने बागेचं पाणी तोडलं. मी सेक्रेटरी, त्यामुळे सही माझीच. हौसेने लावलेली लॉन बघता बघता वाळली. पंपघरामागे आबांनी लावलेलं अळू, मिरच्या आणि दोडक्याचा वेल मात्र धुवणावर तरारले. त्याच अळूच्या वड्या कमिटीने मिटक्या मारत खाल्ल्या आणि खाता खाताच आबांना वेड्यात काढलं.

मग आबांनी मीटिंगमध्ये हट्ट धरला. प्रत्येक स्वयंपाकघरातलं पाणी वेगळ्या पाइपाने खाली टाकीत आणायचं, गाळायचं आणि बागेला सोडायचं. लोक हसले. कुणाला टाइल्सची काळजी, कुणाला भिंतीच्या रंगाची. आबा प्रत्येक मीटिंगला तेच घेऊन बसायचे. अखेर कंटाळून आम्ही मंजुरी दिली. माझा पाठिंबा पाण्यासाठी नव्हताच. सकाळची बेल थांबेल, एवढाच माझा हिशेब.

पाइप सुरू झाला, बेल थांबली. बाग हिरवी झाली आणि आम्ही निवांत कुकर लावू लागलो.

काही दिवसांनी आबा रिकाम्या हातांनी आले. पाइप तुंबला का बगाया आलो, म्हणाले. सिंकखाली वाकून पाहिलं. काही तुंबलं नव्हतं. तिथून वरच्या मजल्यावर गेले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आमच्या सिंकखाली. मी खवचटपणे म्हणालो, "आबा, पाणी आपसूक जातंय आता. कशाला दारोदार फिरताय?"

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "त्येच तर. पोरगा, सून कामाला जात्यात. दिस मावळंस्तवर त्वांड उघडाया मिळत न्हाई. धुवणाच्या निमतानं चार घरं बोलायची. शिव्या द्यायची, पन बोलायची."

"मग पाइपासाठी एवढे भांडलात कशाला? असं होणार हे कळलं नव्हतं?"

"कळलंतं की." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "म्हनून माज्या गप्पांपायी पानी वाया घालवायचं व्हय?"

बायकोने खुर्ची पुढे ओढली. आबा बसले आणि बसल्या बसल्या फोडणीत तेल जास्त झाल्याचं तिला सुनावलं. जेवणाची वेळ होईपर्यंत ते आमच्या स्वयंपाकघराला नावं ठेवत होते, आणि आम्ही ती ठेवू दिली.